हरलेल्या संघाचा पुढचा रविवार

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडी काटछाट केली आहे.)



जेवणानंतर मला बोलायला उभं केलं, यातच संयोजकांचा माझ्यावर किती विश्वास आहे ते कळतं. ज्यांना डुलकी लागेल त्यांनी खुशाल घ्यावी. वर्गात घेत होतोच. फरक एवढाच, की आज खडू फेकून मारणारं कुणी नाही.

मी १९८१ च्या दहावीचा. नंतर बँकेत लागलो आणि महाराष्ट्रभर फिरलो. कुठंही गेलो आणि गाव सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे चांदूर बाजार का?" मग मी सांगायचो, की नाही हो, बाजार वेगळं, आमचं रेल्वे. मुंबईहून हावड्याकडं जाणारी गाडी बडनेरा सोडून वर्ध्याकडं निघाली, की मध्ये लागतं ते. बहुतेक जण म्हणायचे, "हो का, आम्ही तिथून गेलोय, पण झोपेत असू."

संयोजकांनी विषय दिला, "शाळेचं मैदान आणि मी". मैदानावर माझं कर्तृत्व फार नाही. मी फुटबॉलमध्ये राइट आउट खेळायचो, आणि आमचे पी.टी.चे सर म्हणायचे, की हा राइट कमी अन् आउट जास्त. सर आज आपल्यात नाहीत. ते अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकून आले होते. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेली ती संस्था, जिचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथं जाऊन आपले देशी खेळ दाखवून आलं. त्या तालमीतला माणूस आपल्याला लेझीम शिकवायचा, मल्लखांब शिकवायचा आणि संध्याकाळी फुटबॉल काढायचा. शाळेत चेंडू एकच होता. आत ब्लॅडर, वर चामडं, तोंडाला लेस. पावसात भिजला की असा जड व्हायचा, की हेडिंग करणाऱ्याला दोन मिनिटं काही सुचत नसे. शिवण उसवली की चांभाराकडं, ब्लॅडर गेलं की सायकलच्या पंक्चरवाल्याकडं.

पण मी आज उभा राहिलो तो आठवणी सांगायला नाही. एक जुना हिशेब चुकता करायचा आहे आणि एक मागणी मांडायची आहे. आधी हिशेब.

दहावीनंतर आम्ही तेरा जणांनी फुटबॉल क्लब काढला. नाव सांगत नाही, कारण क्लबातलं पहिलं भांडण नावावरूनच झालं होतं. महिन्याची वर्गणी दोन रुपये. हिशेबाची वही माझ्याकडं. तेव्हाच बँकेची लक्षणं दिसत होती. क्लब म्हणजे काय, तर एक चेंडू, एक पंप, अकरा बनियनी आणि ही वही. आणि सामने? सामने म्हणजे कुठंतरी "भव्य खुले फुटबॉल सामने" अशी पाटी लागली, की प्रवेश फी भरायची, पॅसेंजर पकडायची आणि जायचं. वर्षातून तीन-चारदा. बहुतेक वेळा पहिल्याच सामन्यात हरायचो आणि परत यायचो.

१९८४ च्या जानेवारीत आम्ही पुलगावला गेलो. प्रवेश फी एकवीस रुपये. सकाळी आठला सामना सुरू झाला. शून्य-शून्य चालला होता. शेवटच्या पाच मिनिटांत लांबून एक साधा, सरपटत आलेला चेंडू आमच्या गोलकीपरच्या हातांतून निसटला आणि पायांमधून मागं गेला. एक-शून्य. साडेनऊच्या आत आमची स्पर्धा संपली होती. परतीची गाडी दुपारी. साडेनऊपासून दुपारपर्यंत तेरा पोट्टे प्लॅटफॉर्मवर बसून होते आणि करायला काम एकच होतं, की चूक कुणाची ते ठरवणं. त्यात पुढाकार माझा होता, कारण एकवीस रुपये माझ्या वहीतून गेले होते. गाडी वर्धा नदीच्या पुलावर असताना मी त्याला सगळ्यांसमोर म्हणालो, "तुह्यापायी क्लब बुडाला."

तो काही बोलला नाही. चांदूरला उतरला, बनियन काढून माझ्या हातात दिली आणि घरी गेला. त्यानंतर तो आमच्याबरोबर खेळला नाही. गोलकीपर गेला, मग आणखी दोघं गेले. त्याच्या आधीच्या जूनमध्ये भारतानं क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकला होता, त्यामुळे पोरं तिकडं वळतच होती. पावसाळ्यापर्यंत क्लब संपला. वहीत शिल्लक तेरा रुपये.

राजेहो, क्लब त्याच्यामुळे बुडाला नव्हता. का बुडाला, ते कळायला मला तेरा-चौदा वर्षं लागली, आणि ते कळलं कोल्हापुरात.

१९९७ साली माझी बदली कोल्हापूरला झाली. पहिल्याच हिवाळ्यात एके दिवशी दुपारी तीनला शाखेतले निम्मे लोक गायब. मला वाटलं, कुणी गेलं बिलं की काय. शिपाई म्हणाला, "साहेब, आज मॅच हाय न्हवं." मीही गेलो. शाहू स्टेडियम माणसांनी भरलेलं. भाजीवाले, वकील, रिक्षावाले, कॉलेजची पोरं, पांढऱ्या टोपीतले आजोबा, सगळे. आणि खेळत कोण होतं? मोहनबागान नाही, सालगावकर नाही. शहरातल्याच दोन पेठा.

कोल्हापुरात फुटबॉल संघ म्हणजे तालीम. जिथं कुस्तीचा आखाडा, तिथंच फुटबॉलचा संघ. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी, संध्यामठ. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, ज्याला सगळे के.एस.ए. म्हणतात, १९४० पासूनची. तिच्या वरिष्ठ गटाच्या लीगमध्ये सोळा संघ. दिवाळी झाली की हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत कुठली ना कुठली स्पर्धा चालूच असते. खेळाडूची नोंदणी होते आणि त्या हंगामात तो त्याच संघाचा. आज या संघाकडून अन् उद्या त्या संघाकडून असं चालत नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक क्लार्क होता, एका छोट्या तालमीच्या संघात बॅकला खेळणारा. एका सामन्यात त्याचा संघ चार-शून्यनं हरला, त्यातला एक गोल सरळ त्याच्या चुकीनं. दुसऱ्या दिवशी मी वाट पाहत होतो, की आज हा येत नाही, आला तरी तोंड दाखवत नाही. तो वेळेवर आला, वर संध्याकाळी लवकर जायची परवानगी मागितली. मी विचारलं, "कशाला?" तर म्हणाला, "प्रॅक्टिस आहे. पुढची मॅच सहा दिवसांवर आली."

मी त्या दिवशी घरी जाऊन ट्रंकेतली आमची जुनी वही काढली. तीन वर्षांत आम्ही अकरा सामने खेळलो होतो. अकरा! आणि जवळजवळ प्रत्येक सामन्याच्या पुढं मी लिहिलं होतं, "पराभव. परत." त्या क्लार्कच्या चुकीला सहा दिवसांनी उतारा मिळणार होता. आमच्या गोलकीपरच्या चुकीला पुढचा सामनाच नव्हता. त्यामुळे ती चूक तिथंच राहिली, पुलगावच्या प्लॅटफॉर्मवर.

आपल्याकडं फुटबॉल नाही असं नाही. लीग नाही. आणि या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मी बँकवाला, त्यामुळे आकडे मांडतो. फार नाहीत. समजा, सोळा संघांचे बाद पद्धतीचे सामने भरवले, हरला तो घरी. एकूण सामने होतात पंधरा. पहिल्या फेरीत आठ संघ एकेक सामना खेळून घरी जातात, दुसऱ्या फेरीत आणखी चार. म्हणजे सोळातले बारा संघ एक किंवा दोन सामने खेळून मोकळे. आता सहाच संघ घ्या आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी खेळवा. सामने किती होतात? तेही पंधराच. तेवढेच पंच, तेवढाच चुना, तेवढंच मैदान. पण इथं प्रत्येक संघ पाच सामने खेळतो, सगळ्यात कच्चा संघसुद्धा. उलट त्यालाच त्याची जास्त गरज असते. दोन फेऱ्या केल्या, तर दहा.

खुल्या सामन्यांत पैसा असतो, मंडप असतो, लाउडस्पीकर असतो, पाहुणे असतात. मी त्याची टिंगल करत नाही, त्यातही मजा आहे. पण तिथं सगळ्यात जास्त खेळतो तो आधीच चांगला असलेला संघ, आणि ज्याला शिकायचंय तो सकाळी साडेनऊला मोकळा होतो. शालेय स्पर्धांचंही तेच. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, अशी ती शिडी आहे. सुब्रतो कपची वाटसुद्धा तशीच, आणि ती स्पर्धा १९६० पासून चालू आहे, देशभरच्या शाळा खेळतात. शिडी चांगलीच आहे, चढणाऱ्याला वर नेते. पण पहिल्याच पायरीवर ज्याचा पाय घसरला, त्याचं काय? त्याचं वर्ष जुलै-ऑगस्टमध्येच संपतं. पुढच्या वर्षी तो वयाच्या गटातून बाहेर जातो.

ही अडचण फक्त आपल्याला आली असं समजू नका. फुटबॉल जिथं वाढला त्या इंग्लंडातही आधी कपाचेच सामने होते. क्लब कपातून लवकर बाद झाला, की पुढं मैत्रीचे सामने ठरवायचे, आणि तेही ऐनवेळी रद्द व्हायचे. लोक पैसे देऊन मैदानावर यायचे आणि समोरचा संघच यायचा नाही. बर्मिंगहॅममध्ये विल्यम मॅकग्रेगर नावाचे एक गृहस्थ ॲस्टन व्हिला क्लबाच्या कारभारात होते. धंदा काय? कापडाचं दुकान. त्यांनी मार्च १८८८ मध्ये काही क्लबांना पत्र लिहिलं, की आपण दहा-बारा जणांनी मिळून वर्षभराचे सामने आधीच ठरवून टाकू, घरी एक आणि त्यांच्याकडं एक. त्याच वर्षी सप्टेंबरात बारा क्लबांची लीग सुरू झाली, प्रत्येकाला बावीस सामने. जगातली ही पहिली फुटबॉल लीग. त्या वर्षी पहिला आला प्रेस्टन, एकही सामना न हरता. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो शेवटी आलेला संघ, बारावा. त्याचं नाव स्टोक. तो संघ स्टोक सिटी म्हणून आजही खेळतो आहे. खुल्या सामन्यांत तो पहिल्याच फेरीत घरी गेला असता आणि कदाचित आपल्या क्लबासारखा कुणाच्या तरी ट्रंकेतल्या वहीत जाऊन पडला असता.

इथं गांधी चौकाकडं ज्यांची कापडाची दुकानं आहेत त्यांनी कृपया नोंद घ्यावी. फुटबॉलची पहिली लीग कापडवाल्यानं काढली.

इंग्लंड लांब वाटत असेल, तर आपल्याच देशातलं मिझोराम घ्या. २०११ च्या जनगणनेत त्या सबंध राज्याची लोकसंख्या अकरा लाखांच्या आत. आपल्या अमरावती जिल्ह्याची जवळजवळ एकोणतीस लाख. २०१२ साली त्यांनी राज्याची स्वतःची लीग सुरू केली. २०१४ मध्ये मिझोराम संतोष ट्रॉफी जिंकलं. २०१७ मध्ये त्यांच्या ऐझॉल एफसीनं आय-लीग जिंकली, कोलकात्याच्या आणि बंगळुरूच्या बड्या क्लबांना मागं टाकून. डोंगरात सपाट मैदान मिळायची मारामार असलेलं राज्य ते. आपल्याकडं सपाटीशिवाय दुसरं काय आहे?

आणि जवळ यायचं, तर नागपूर-कामठी बघा. कामठी म्हणजे इंग्रजांच्या वेळची छावणी. इंग्रजांची फौज होती म्हणून फुटबॉल आला, इंग्रज गेले तरी फुटबॉल राहिला. कामठीचा रब्बानी क्लब, नागपूरचे यंग मुस्लिम, राहुल क्लब, ही नावं नागपूरच्या लीगमध्ये वर्षानुवर्षं आहेत. तिथंच विजय बारसे सरांनी २००१ च्या सुमारास झोपडपट्टीतली पोरं गोळा करून फुटबॉल सुरू केला. 'झुंड' सिनेमा त्यांच्यावरच बेतलेला, तो तुम्ही पाहिलाच असेल. चांदूरहून नागपूर काही परदेश नाही. गाडीत बसलं, की दोन-अडीच तासांत पोचतो.

कोल्हापूरचं सगळंच गोड आहे असं मी म्हणणार नाही. पेठांची ईर्ष्या टोकाला गेली, की तिथं दगडफेक होते, हाणामाऱ्या होतात, सामने थांबतात. मी स्वतः एकदा स्टेडियमबाहेर चप्पल टाकून पळालो आहे. म्हणून आपण तिथून काय घ्यायचं आणि काय नाही ते आधीच ठरवलं पाहिजे. घ्यायचा तो नियम, की हरला तरी पुढचा सामना आहे. घ्यायची ती जागा, जिथं संध्याकाळी गेलं की कुणीतरी भेटतंच. आणि घ्यायची ती गल्लीची आपुलकी, आपल्या पोरांना बूट नाहीत हे गल्लीला माहीत असतं ती. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा मी टीव्हीसमोर बसून माझ्या बायकोला सांगत होतो, की हा पोरगा एकटा आलेला नाही, याच्यामागं सगळ्या शहराचा फुटबॉल आहे.

त्याच विश्वचषकाच्या आधी, १५ सप्टेंबर २०१७ ला, महाराष्ट्रात शाळाशाळांतून एकाच दिवशी लाखो मुलांनी फुटबॉल खेळावा असा कार्यक्रम झाला. शाळांना चेंडू मिळाले. चांगली गोष्ट झाली. पण तो शुक्रवार होता, आणि पुढच्या शुक्रवारी काय, हे कुणीच ठरवलं नव्हतं. माझं म्हणणं तेवढंच आहे.

आता आजच्या चांदूरकडं येतो.

निवृत्त होऊन मला वर्ष झालं. परत इथं राहायला आलो. एका संध्याकाळी फिरत फिरत शाळेच्या मैदानाकडं गेलो, तर वीस-पंचवीस पोरं फुटबॉल खेळत होती, चार-पाच मुलीसुद्धा. गोलपोस्ट म्हणून विटा. आणि कडेला सगळ्यांच्या चपला, दप्तरं, सायकली सांभाळत एक माणूस बसला होता. तोंडात शिट्टी. मी जवळ गेलो. तो आमचा गोलकीपर.

इतक्या वर्षांत आम्ही लग्नाकार्यात भेटलो होतो, "काय, कसं" झालं होतं, पण बोललो नव्हतो. त्या दिवशी मी त्याच्याजवळ मातीत बसलो. तो सात-आठ वर्षांपासून हे करतो आहे. दुकान मुलाच्या हाती देऊन पाचला येतो. कुणी सांगितलं नाही, कुणी पैसे देत नाही. एक चेंडू फाटला, की दुसरा स्वतः आणतो. मी म्हटलं, "पोरं मस्त खेळतात." तो म्हणाला, "पोट्टे त चांगलेच खेयते गा. पण खेयून जाते कुठी? शायेचा एक सामना हारला का वर्ष खतम. मंग मोबाइल घेऊन बसते."

मग तो एक गोष्ट बोलला ती मी विसरू शकत नाही. म्हणाला, "मी कोनत्याच पोट्ट्याले गोलकीपर हो म्हनत नाही. आयपाळीनं उभं करतो. एकाच्याच डोक्यावर कायले?"

मित्रांनो, हा तो हिशेब. तो आज या सभागृहात मागच्या रांगेत बसला आहे. नाव घ्यायचं नाही, या अटीवर त्यानं मला हे सांगू दिलं. मी त्याला इतकंच म्हणतो, की क्लब तुझ्यामुळे बुडाला नव्हता. मी बोललो ते चूक होतं. जे सात दिवसांत धुऊन निघालं असतं, त्याला चाळीसहून जास्त वर्षं लागली. मला माफ कर.

(टाळ्या)

टाळ्या त्याच्यासाठी. आता मागणी.

आपण माजी विद्यार्थ्यांनी मिळून चांदूर रेल्वेत मुलांची लीग सुरू करावी. मोठी नको. सहा संघ. तीन गावातले, आणि तीन तालुक्यातल्या गावांचे. घुईखेड, सातेफळ, आमला विश्वेश्वर, पळसखेड, मांजरखेड, जिथली शाळा हो म्हणेल ती. वय तेरापर्यंत. मैदान लहान, एका बाजूला सात खेळाडू. मुलं-मुली एकाच संघात. आज सकाळी चहाच्या वेळी आपल्या वर्गातली एक मैत्रीण मला म्हणाली, "तुमचा क्लब, तुमचा क्लब करता, आम्हाला तेव्हा कुणी विचारलं होतं का?" खरं आहे. आम्ही फुटबॉल खेळायचो आणि मुलींना कडेला रिंग दिलेली असायची. या वेळी आधी विचारू.

दिवस रविवार. हंगाम दिवाळीनंतर सुरू करून जानेवारीअखेर संपवायचा, कारण फेब्रुवारीपासून परीक्षांची हवा सुरू होते. इथं एक अडचण आहे आणि ती कोल्हापूरवाल्यांना समजणार नाही. त्याच दिवसांत आपल्याकडं कापूस वेचणी असते. खेड्यातल्या पोरांचा रविवार आईबरोबर वावरात जातो. त्यांना आपण "खेळायला का आला नाहीस" असं विचारू शकत नाही. म्हणून सामने सकाळी साडेसातला सुरू आणि दहाच्या आत बंद. एका रविवारी तीन सामने, सगळे सहा संघ खेळतात. पाच रविवारांत एक फेरी, दहा रविवारांत दोन. वेचणी जोरात असेल त्या रविवारी खेड्यातल्या संघाचा सामना पुढं ढकलायचा. त्याचे गुण कापायचे नाहीत.

नियम मी चारच सुचवतो. एक, रोख बक्षीस नाही. दोन, आणलेल्या प्रत्येक मुलाला निम्मा वेळ तरी खेळवायचं, कच्च्यालाही. तीन, पालकांनी आणि आपण पाहुण्यांनी चुन्याच्या रेषेबाहेर उभं राहायचं आणि पंचांशी बोलायचं नाही. संघ गावाच्या किंवा शाळेच्या नावानं असतील. मोहल्ल्याच्या, जातीच्या नावानं नाही. चप्पल टाकून पळण्याचं माझं वय आता राहिलेलं नाही. आणि चौथा नियम सगळ्यात महत्त्वाचा. सामना संपला, की हरलेल्या संघाच्या हातात आधी पुढच्या रविवारचा कागद द्यायचा. किती वाजता, कुणाशी. मग हात मिळवायचे.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं २०१८ पासून लहान मुलांच्या 'गोल्डन बेबी लीग' सुरू केल्या, त्यामागचा विचार हाच, की मुलांना स्पर्धा कमी आणि सामने जास्त मिळावेत. आपल्याकडं राज्याची वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन १९११ पासूनची आहे आणि तिच्याखाली जिल्ह्यांच्या संघटना असतात. एक हंगाम नीट पार पडला, की रीतसर नोंदणीला जाऊ. आधी पोरं मैदानावर, मग कागद. आमच्या वेळी आम्ही नावावरून सुरुवात केली होती.

खर्चाचं मी मांडून पाहिलं आहे. चेंडू अठरा, म्हणजे प्रत्येक संघाला तीन. बनियनी, चुना, लोखंडी गोलपोस्ट दोन जोड्या, प्रथमोपचाराची पेटी, आणि खेड्यांतल्या तीन संघांना न्यायला-आणायला गाडी. आजच्या मंडपाच्या आणि जेवणाच्या बिलाच्या आत सगळं बसतं. जेवण उत्तम होतं, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त पुढच्या वर्षी एक भाजी कमी करा.

पैशापेक्षा माणसं लागतील. दहा रविवार सकाळी सातला मैदानावर हजर राहणारी आठ माणसं. पुण्या-मुंबईच्या मित्रांनी पैसे द्यावेत, पण त्यांना मी एक सांगतो. आपण सगळे बाहेर गेलो, जो राहिला त्यानंच मैदान सांभाळलं. तो एकटा आहे आणि आपल्याच वयाचा आहे. त्याचा गुडघा आता दुखतो. त्याच्यानंतर पाच वाजता शिट्टी कोण वाजवणार, हा खरा प्रश्न आहे. तो नसला तर ती पोरं दुसऱ्या दिवशी येतील, तिसऱ्या दिवशी येतील, आणि मग येणार नाहीत. मैदान रिकामं राहिलं, की त्यावर काय काय उभं राहतं ते आपण गावोगाव पाहिलं आहे.

मुख्याध्यापकांना माझी या व्यासपीठावरून विनंती, की रविवारी सकाळी अडीच तास मैदान द्यावं. बाकी चुना आम्ही मारू. मैदान झाडूनही देऊ. शिक्षा म्हणून ते काम आमच्याकडून पूर्वी पुष्कळ करून घेतलेलं आहे.

शेवटचं. ही ती वही. १९८१ ते १९८४. शेवटच्या पानावर शिल्लक तेरा रुपये लिहिले आहेत. ते खरं म्हणजे तेरा जणांचे होते आणि माझ्याकडंच राहिले. बँकेत इतकी वर्षं काढली, पण हे खातं मी बंद केलं नाही. आज ते तेरा रुपये नव्या लीगची पहिली जमा म्हणून टेबलावर ठेवतो. पुढच्या पानावर ज्यांना रविवारी यायचं आहे त्यांनी नाव आणि गाव लिहावं. पहिलं नाव मी लिहिलं आहे. दुसरी ओळ मी रिकामी सोडली आहे, ती मागच्या रांगेतल्या माणसाची आहे.